भाजलेला रुग्ण: पहिल्या काही तासांत काय तपासायचं, काय द्यायचं, काय टाळायचं

भाजलेला रुग्ण कॅज्युअल्टीत आला की सगळ्यांची नजर आधी त्वचेवर जाते. पण पहिल्या तासाभरात रुग्ण दगावतो तो सहसा त्वचेमुळे नाही. श्वासमार्ग सुजून बंद होतो, धुरातल्या विषारी वायूंनी मेंदू-हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही, किंवा भाजण्याबरोबर झालेली दुसरी एखादी इजा कुणी शोधलेलीच नसते. पुढच्या चोवीस तासांतलं बरंचसं नुकसान मात्र आकड्यांच्या चुकीतून होतं. ते आकडे तीनच आहेत: भाजल्याची वेळ, रुग्णाचं वजन आणि भाजलेल्या भागाचे टक्के. पहिली सलाईन लावेपर्यंत हे तिन्ही केसपेपरवर लिहून झालेले असावेत. नातेवाईक पांगले की नेमकी वेळ सांगणारं कुणी उरत नाही.

ही माहिती रुग्णवाहिकेवर आणि कॅज्युअल्टीत काम करणाऱ्यांसाठी आहे. घरच्या माणसांनी यातला पहिला भाग वाचला तरी पुरे.

भाजणं थांबवा, थंड करा, पण रुग्णाला गारठवू नका

ज्वाळा विझल्या म्हणजे भाजणं थांबलं असं नाही. गरम पाण्यात किंवा तेलात भिजलेले कपडे, लहान मुलाचा डायपर, धातूचा पट्टा, बूट हे सगळं उष्णता धरून ठेवतं. कपडे लगेच काढा. जे वितळून त्वचेला चिकटलं आहे ते ओढू नका, त्याच्या कडेने कापून बाकीचं काढा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, पैंजण लगेच उतरवा. तासाभरात बोटं सुजली की अंगठी कापावी लागते, आणि तोवर बोटाचा रक्तपुरवठा धोक्यात आलेला असतो.

मग भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. पाणी गार हवं, बर्फाचं नको. साधारण १५ अंश सेल्सियस उत्तम, पण नळाला जे येईल ते चालतं. अपघातानंतर तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. म्हणून रुग्ण दीड तासाने आला आणि आधी कुणी पाणी लावलं नसेल, तर कॅज्युअल्टीतच लावा. दोन मिनिटं पाणी ओतलं आणि झालं, हे पुरत नाही. जखमेच्या मध्यभागाची त्वचा मेलेली असते. तिच्या भोवतीचा थर मात्र अजून जगू शकतो की मरणार हे ठरायचं असतं. थंड करण्याने हा थर वाचतो. बर्फाने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तोच थर मरतो. टूथपेस्ट, तेल, मलम, कसलाही लेप लावू नका. उष्णता आत कोंडते, आणि पुढे जखमेची खोली तपासताना हे सगळं खरवडून काढावं लागतं, तेही दुखणाऱ्या जखमेवरून.

मोठ्या जखमेत आणि लहान मुलांत दुसरा धोका सुरू होतो. शरीर फार लवकर गार पडतं, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि हृदयाची लय चुकू शकते. तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं तर पाणी बंद करा. जखम थंड करताना बाकीचं अंग झाकलेलं ठेवा, खोली उबदार करा, सलाईन कोमट करून द्या.

थंड करून झालं की स्वच्छ प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म लावा, स्वयंपाकघरातली चालते. रोलचे पहिले दोन वेढे फेकून द्या. फिल्म लांबीत पट्ट्यांसारखी ठेवा, हातापायाभोवती गुंडाळू नका. सूज वाढली की तोच फास होतो. चेहऱ्यावर फिल्म लावू नये. फिल्ममुळे हवा लागत नाही, त्यामुळे दुखणं कमी होतं, आणि ड्रेसिंग न उघडता सगळ्यांना जखम दिसते.

श्वासमार्ग: आत्ता ठीक दिसतोय, तासाभराने नसेल

बंद खोलीत आग, चेहरा भाजलेला, नाकातले केस जळालेले, थुंकीत काजळी, आवाज घोगरा, गिळायला त्रास: यांतली एक-दोन लक्षणं असली तरी घशाला इजा झाली असं धरून चाला. घोगरा आवाज सगळ्यात महत्त्वाचा. रुग्णाला त्याचं नाव विचारा आणि सोबतच्या माणसाला विचारा, याचा आवाज रोज असाच असतो का? श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तर वाट पाहण्याची वेळ संपलेली असते.

सूज पहिल्या काही तासांत झपाट्याने वाढते आणि साधारण दिवसभर वाढत राहते. भरपूर सलाईन दिली की आणखी वाढते. आवाज बदललेला, चेहरा-मान खोल भाजलेली आणि पुढे दोन तासांचा प्रवास, असं गणित असेल तर श्वासनलिकेत ट्यूब इथेच टाका, तीही हाताशी असलेल्या सगळ्यात अनुभवी माणसाने. उलट बाजूही लक्षात असावी. नुसते भुवयांचे केस जळालेत, आवाज स्वच्छ आहे, रुग्ण आरामात बोलतोय, अशांना घाबरून ट्यूब टाकली जाते आणि दुसऱ्या दिवशी काढली जाते. शंका असेल तर फायबरऑप्टिक स्कोप नाकातून घालून स्वरयंत्र पाहा. स्कोप नसेल तर बसवून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने आवाज ऐका.

ट्यूब टाकताना तीन गोष्टी. प्रौढाला शक्यतो ८ नंबर किंवा मोठी वापरा, कारण आतली काजळी आणि मेलेल्या अस्तराचे तुकडे ब्राँकोस्कोपने (श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीने) काढावे लागतात. ट्यूब कापून आखूड करू नका. ओठ सुजले की आखूड ट्यूब तोंडात दिसेनाशी होते. आणि ती चिकटपट्टीने लावू नका, भाजलेल्या ओल्या गालावर चिकटपट्टी टिकत नाही. कापडी फीत बांधा आणि सूज वाढेल तशी सैल करत राहा. ट्यूब टाकताना स्नायू सैल करायला दिलं जाणारं सक्सिनिलकोलीन पहिल्या २४ तासांत सुरक्षित आहे. त्यानंतर ते रक्तातलं पोटॅशियम जीवघेणं वाढवू शकतं, म्हणून नंतर त्याऐवजी रोक्युरोनियम.

धुरात सापडलेल्या प्रत्येकाला नॉन-रिब्रीदर मास्कने प्रतिमिनिट १५ लिटर ऑक्सिजन सुरू करा आणि पल्स ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनवालं वाटतं, त्यामुळे रुग्ण गुदमरत असताना पडद्यावर ९९ दिसू शकतं. खरा आकडा को-ऑक्सिमीटर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारं यंत्र) असलेल्या रक्तवायू तपासणीतच कळतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. मास्क लवकर का काढायचा नाही, याचं उत्तर त्यात आहे.

फोम, प्लॅस्टिक, लोकर, नायलॉन जळलं असेल तर सायनाइडचाही विचार करा. शुद्ध हरपलेली, रक्तदाब पडलेला आणि लॅक्टेट (उतींना ऑक्सिजन कमी पडल्याची रक्तातली खूण) ८ ते १० मिलिमोलच्या वर, पण तेवढं स्पष्ट करणारी दुसरी जखम नाही, असा रुग्ण सायनाइडचा समजावा. त्यावरचा उतारा हायड्रॉक्सोकोबालामिन: प्रौढाला ५ ग्रॅम, मुलाला प्रतिकिलो ७० मिलिग्रॅम, शिरेतून १५ मिनिटांत. रक्ताचे नमुने आधी काढून ठेवा. औषध गडद लाल असतं आणि नंतरच्या बऱ्याच तपासण्यांचे आकडे बिघडवतं. लघवी लाल होते, त्याने घाबरू नये.

लवकर आलेला शॉक भाजल्याचा नसतो

भाजल्यामुळे होणारा शॉक (अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं) तासातासाने चढतो. रुग्ण अर्ध्या-पाऊण तासात आला आणि रक्तदाब पडलेला असेल, तर रक्तस्राव शोधा: पोट, छाती, ओटीपोट, मांडीचं हाड. स्फोट झाला होता का, वरून उडी मारली होती का, गाडीचा अपघात होता का, हे विचारा. तसंच मोठं भाजलेला माणूस सुरुवातीला शुद्धीवर असतो, बोलतो. झोपाळलेला किंवा गोंधळलेला असेल तर डोक्याची इजा, वायूची बाधा, दारू-औषधं किंवा कमी साखर यांपैकी काहीतरी आहे.

टक्के कसे मोजायचे

नवाचा नियम सगळ्यांना पाठ असतो: प्रौढाचं डोकं-मान ९, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, धड पुढून १८, मागून १८, जननेंद्रियाचा भाग १. हा नियम मुलांना लावला की उत्तर चुकतं, कारण बाळाचं डोकं मोठं आणि पाय आखूड. एक वर्षापर्यंत डोकं १८ आणि प्रत्येक पाय १४ धरा. त्यापुढे दरवर्षी डोक्यातून १ वजा करा आणि प्रत्येक पायात अर्धा मिळवा. दहाव्या वर्षाच्या आसपास आकडे प्रौढाचे होतात. लुंड आणि ब्राउडर यांनी १९४४ मध्ये मांडलेला तक्ता याहून अचूक आहे. तो छापून भिंतीवर लावलेला असेल तर पाठांतराची गरज नाही.

विखुरलेल्या छोट्या जखमांसाठी रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट साधारण १ टक्का धरतात. स्वतःचा तळहात, डॉक्टरचा नव्हे. मुलावर मोठ्या माणसाचा हात ठेवून मोजल्याने आकडा पार चुकतो. शरीर जवळजवळ सगळं भाजलं असेल तर न भाजलेला भाग मोजून १०० मधून वजा करा.

यातली सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे नुसता लालपणा मोजणं. उन्हाने भाजल्यासारखी लाल, कोरडी, फोड नसलेली त्वचा टक्क्यांत धरायची नाही. शंका असेल तर हातमोजा घातलेलं बोट हलकेच घासा. वरचा थर सरकला तर ती त्वचा मोजा. काजळी पुसल्याशिवाय मोजू नका, आणि पाठ, काखा, मांड्यांच्या मधला भाग, टाळू बघितल्याशिवाय आकडा लिहू नका. पाठ मोजायची राहून गेली की आकडा थेट १८ ने कमी पडतो.

जखमेची खोली: पहिल्या दिवशीचं उत्तर तात्पुरतं

चार गोष्टी तपासा: रंग, ओल, दाबल्यावर काय होतं, आणि दुखतं का.

वरवर भाजलेली त्वचा लाल, कोरडी, दुखरी असते. ती आठवडाभरात खूण न ठेवता बरी होते. फोड आलेत, खाली ओलसर गुलाबी आहे, बोटाने दाबल्यावर पांढरं होऊन लगेच रंग परततो आणि हवा लागली तरी झोंबतं, तर ते अंतस्त्वचेच्या वरच्या थरापर्यंत गेलं आहे. असं बहुधा दोन आठवड्यांत भरतं. रंग गडद लाल किंवा ठिपक्याठिपक्यांचा, दाबल्यावर फिका पडत नाही किंवा फार सावकाश परततो, आणि स्पर्श कळतो पण दुखणं कमी, तर ते खोल आहे. पांढरी, तपकिरी किंवा काळी, कोरडी, चामड्यासारखी कडक त्वचा, आत गोठलेल्या शिरांच्या रेषा आणि टोचलेलं कळत नाही, तर पूर्ण जाडी जळाली आहे.

सावळ्या त्वचेवर लालपणा सहज दिसत नाही. वरचा सुटलेला थर काढून खालचा भाग पाहिल्याशिवाय खोलीबद्दल बोलू नये. मुलांना सुई टोचून संवेदना तपासण्यात अर्थ नाही. ते घाबरूनच रडतात. त्यापेक्षा कशाने भाजलं आणि किती वेळ, याचा उपयोग जास्त होतो. ६० अंशांचं पाणी प्रौढाच्या त्वचेला पाचेक सेकंदांत खोल भाजतं, लहान मुलाला आणि वृद्धाला त्याहून लवकर. उकळतं तेल पाण्यापेक्षा बरंच तापलेलं असतं आणि चिकटून राहतं, त्यामुळे तेलाची जखम दिसते त्याहून खोल समजावी. फीट येऊन किंवा नशेत तापलेल्या वस्तूवर पडून राहिलेल्या माणसाचंही तसंच.

जखम ४८ ते ७२ तास बदलत राहते. पहिल्या दिवशी "वरवरचं आहे" असं नातेवाईकांना ठामपणे सांगू नका.

सलाईन: सूत्र फक्त सुरुवातीसाठी

प्रौढात १५ ते २० टक्क्यांपेक्षा जास्त, मुलात १० टक्क्यांपेक्षा जास्त भाजलं असेल तर शिरेतून द्रव द्यावाच लागतो. त्याहून कमी असेल तर तोंडाने भरपूर प्यायला देऊन भागतं. दोन जाड कॅन्युला (शिरेत घालायच्या नळ्या) लावा. न भाजलेली जागा नसेल तर भाजलेल्या त्वचेतूनही चालतं, मात्र टाका घालून पक्की करा. शीर मिळाली नाही तर हाडातून द्या. शिरा शोधण्यात अर्धा तास घालवू नका.

द्रव रिंगर लॅक्टेट. नॉर्मल सलाईन लिटरमागून लिटर गेलं की क्लोराइड चढून रक्त आम्लधर्मी होतं.

पार्कलंड सूत्र चार्ल्स बॅक्स्टर यांनी १९६८ मध्ये मांडलं: ४ मिली × वजन × टक्के, पहिल्या २४ तासांसाठी. पुढे लक्षात आलं की रुग्णांना गरजेपेक्षा बरंच जास्त पाणी जातंय. आज बऱ्याच ठिकाणी सुरुवात प्रौढाला २ मिली, मुलाला ३ मिली आणि विजेने भाजलेल्याला ४ मिली अशी करतात. यातला निम्मा भाग पहिल्या ८ तासांत, उरलेला पुढच्या १६ तासांत. हे ८ तास भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे. रुग्ण दाखल झाल्यापासून मोजणं ही नेहमीची चूक.

उदाहरण घ्या. ६० किलोचा माणूस, ३० टक्के, भाजून दोन तास झालेत. २ × ६० × ३० म्हणजे ३६०० मिली. निम्मे १८०० मिली. आठपैकी दोन तास गेले, उरले सहा. १८०० भागिले ६, म्हणजे तासाला ३०० मिली. रुग्ण सात तासांनी आला असेल तर हेच गणित "तासाला १८०० मिली" असं उत्तर देतं. तिथे सूत्र डोळे झाकून पाळू नये. लघवी, लॅक्टेट आणि रक्तदाब बघून तूट काही तासांत पसरून भरावी.

टक्के मोजून व्हायचे असतील तोवर थांबू नका. १४ वर्षांपासून पुढे तासाला ५०० मिली, ६ ते १३ वर्षांना २५० मिली, ५ वर्षांपर्यंत १२५ मिली असं सुरू करा आणि आकडा आला की बदला.

लहान मुलांच्या यकृतात साखरेचा साठा कमी असतो. म्हणून सूत्राच्या द्रवाबरोबरच रोजच्या गरजेचा द्रव वेगळा, ५ टक्के डेक्स्ट्रोज घातलेला, द्यावा लागतो. १५ किलोच्या मुलाला २० टक्के भाजलं असेल तर ३ × १५ × २० म्हणजे ९०० मिली, पहिल्या आठ तासांत ४५०, तासाला सुमारे ५६. शिवाय रोजच्या गरजेचे तासाला ५० (पहिल्या १० किलोला ४ प्रमाणे ४०, पुढच्या ५ किलोला २ प्रमाणे १०). रक्तशर्करा तपासत राहा.

यापुढचं सगळं लघवीवर. २० टक्क्यांच्या वर कॅथेटर (लघवीची नळी) घालाच. जननेंद्रिय भाजलं असेल तर सूज येण्याआधी घाला. प्रौढाला तासाला प्रतिकिलो अर्धा मिली, म्हणजे साधारण ३० ते ५० मिली लघवी पुरे. ३० किलोच्या आतल्या मुलाला प्रतिकिलो १ मिली. कमी होत असेल तर सलाईनचा वेग १० ते ३० टक्क्यांनी वाढवा, जास्त होत असेल तर तितकाच कमी करा. कमी करायचं सगळे विसरतात. तासाला ९० मिली लघवी म्हणजे "छान चाललंय" नव्हे. ते पाणी उतींमध्येही भरतंय. फुप्फुसं ओली होतात, खोल जखमा आणखी खोल जातात, हातपाय घट्ट होतात, पोटातला दाब वाढून मूत्रपिंडं बंद पडतात. मग लघवी कमी झाली म्हणून आणखी सलाईन दिली जाते आणि चक्र फिरत राहतं. कॅथेटरमधून मोजलेला पोटातला दाब २० मिमी पाऱ्याच्या वर आणि अवयव बिघडतायत, तर पाणी वाढवू नका. २४ तासांचा अंदाज प्रतिकिलो २५० मिलीकडे चालला असेल तर अल्ब्युमिनचा (रक्तातल्या प्रथिनाच्या सलाईनचा) विचार करा आणि बर्न युनिटशी बोला. बोलस, म्हणजे एकदम मोठा डोस, फक्त रक्तदाब खरोखर पडला असेल तरच. नुसत्या लघवीसाठी बोलस दिला तर तो काही मिनिटांत गळती लागलेल्या केशवाहिन्यांतून बाहेर जातो.

दुखणं

वेदनाशामक शिरेतूनच. स्नायूत दिलेलं मॉर्फीन शॉकमध्ये तिथेच पडून राहतं, आणि रक्ताभिसरण सुधारलं की सगळे डोस एकदम रक्तात येऊन श्वास मंदावतो. मॉर्फीन प्रतिकिलो ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम, थोडं थोडं, परिणाम बघत. वृद्धांना त्याहून कमी. केटामाइन प्रतिकिलो ०.२ ते ०.३ मिलिग्रॅम १०-१५ मिनिटांत सावकाश. मुलाला शीर मिळण्याआधी नाकातून फेंटॅनिल प्रतिकिलो १.५ मायक्रोग्रॅम हा उत्तम मार्ग. पॅरासिटामॉल सगळ्यांना. रुग्ण अस्वस्थ, हातपाय झाडतोय म्हणून मॉर्फीन वाढवण्याआधी ऑक्सिजन आणि रक्तदाब बघा. अस्वस्थता अनेकदा त्यांच्या कमतरतेची असते.

गोलाकार भाजलेला हात, पाय, छाती

पूर्ण जाडी जळालेली त्वचा ताणत नाही. हाताभोवती असा पट्टा असेल आणि आत सूज वाढत असेल तर आधी शिरा दबतात, मग धमन्या. बोटं गार, बधिर, ताणली की दुखणारी, रंग उशिरा परतणारा: ही लक्षणं दर तासाला तपासा. डॉपलर (रक्तप्रवाह ऐकवणारं यंत्र) असेल तर तो वापरा, कारण सुजलेल्या मनगटात नाडी बोटांना लागत नाही. आणि नाडी जाईपर्यंत थांबायचंही नाही, ती सगळ्यात शेवटी जाते. हातपाय हृदयाच्या पातळीच्या वर ठेवा.

एस्करॉटॉमी (जळालेल्या कडक त्वचेला छेद देऊन दाब मोकळा करणं) बर्न युनिटच्या डॉक्टरांशी बोलून करावी. पहिल्या तीन-चार तासांत ती क्वचितच लागते. छातीचा अपवाद: पूर्ण पट्ट्यामुळे व्हेंटिलेटरला दाब चढतोय आणि हवा आत जात नाहीये, तर तिथे वेळ नसतो. हातापायाला आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही बाजूंच्या मध्यरेषेत छेद, त्वचेखालची चरबी दिसेपर्यंत, दोन्ही टोकांना निरोगी त्वचेत सेंटिमीटरभर. कोपराजवळ छेद आतल्या हाडाच्या उंचवट्याच्या पुढून न्या, मागे अल्नर नस आहे. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला फिब्युलाच्या मानेजवळ पेरोनियल नस जाते. ती कापली तर पाऊल कायमचं लोंबतं. छातीवर दोन्ही काखांच्या पुढच्या रेषांत उभे छेद आणि बरगड्यांच्या कडेखाली आडवा जोड. त्वचा मेलेली असली तरी चरबीतून रक्त येतं, म्हणून डायथर्मी (रक्तवाहिन्या डागून रक्त थांबवणारं यंत्र) आणि भूल हाताशी ठेवा.

रसायन आणि वीज

रसायनात पहिला नियम स्वतःचा: हातमोजे, चष्मा, गाऊन. कोरडी पूड, चुना, सिमेंट आधी ब्रशने झटका, मग पाणी; चुना ओला होताच तापतो. सोडियम, पोटॅशियम, लिथियमसारख्या धातूंवर पाणी नको, ते पेटतात. कण खनिज तेलात बुडवून चिमट्याने काढा. बाकी बहुतेकांना भरपूर वाहतं पाणी, निदान अर्धा तास. अल्कलीला तासन् तास लागू शकतात, कारण ती उती विरघळवत आत शिरत राहते; आम्ल बहुधा वर थर गोठवून तिथेच थांबतं. आम्लावर अल्कली किंवा उलट असं उदासीन करायला जाऊ नका, त्या क्रियेतून उष्णता तयार होते. थांबायचं केव्हा हे पीएच पट्टी सांगते: धुणं थांबवून १०-१५ मिनिटांनी मोजा, ७ च्या आसपास टिकला तर थांबा. ओल्या सिमेंटमध्ये गुडघे टेकून काम केलेला माणूस संध्याकाळी येतो, तोवर खोल भाजलेलं असतं.

हायड्रोफ्लोरिक आम्लाचं प्रकरण वेगळं. जखम छोटी, दुखणं बेसुमार, कारण फ्लोराइड आतलं कॅल्शियम ओढून घेतं. २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळा. तयार जेल नसेल तर १० टक्क्यांच्या इंजेक्शनचे १० मिली पाण्याच्या आधारावरच्या वंगण जेलच्या ३० मिलीमध्ये मिसळा. बोटं भाजली असतील तर जेल हातमोज्यात भरून तो घाला. दुखणं थांबणं हीच उपचार लागू पडल्याची खूण, म्हणून इथे भूल देऊन बधिर करू नका. ईसीजी आणि रक्तातलं कॅल्शियम बघा.

विजेच्या जखमेत टक्के फसवतात. हातावर रुपयाएवढा काळा डाग आणि आत कोपरापर्यंत स्नायू शिजलेले, असं होतं. विद्युतपुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय रुग्णाला हात लावू नका. प्रत्येकाचा ईसीजी काढा. घरगुती दाबाचा धक्का, शुद्ध हरपली नाही आणि ईसीजी स्वच्छ, तर तासन् तास मॉनिटरवर ठेवायची सहसा गरज नसते. १००० व्होल्टच्या वर मात्र दाखल करा. लघवी चहाच्या रंगाची असेल तर स्नायूंमधलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडात अडकतंय. प्रौढात लघवी तासाला ७५ ते १०० मिली राहील इतकं द्रव द्या, रंग निवळेपर्यंत. हात ताठ आणि बोटं ताणल्यावर असह्य दुखतं, तर फॅशियॉटॉमी (स्नायूंवरचं आवरण कापून मोकळं करणं) लागते, नुसती एस्करॉटॉमी पुरत नाही. मुलाने वायर चावून ओठाचा कोपरा भाजला असेल तर पालकांना बजावून सांगा: ५ ते १४ दिवसांत खपली सुटताना ओठाच्या धमनीतून रक्त येऊ शकतं. आल्यास ओठ आत-बाहेरून चिमटीत धरून निघायचं.

जखम

कोमट पाणी आणि साधा साबण किंवा सलाईनने धुवा. ६ मिलिमीटरपेक्षा छोटे फोड तसेच ठेवा. मोठे, पातळ, फुटायला आलेले किंवा सांध्यावरचे काढून टाका. तळहात-तळपायाचे जाड फोड राहू द्या, ते नैसर्गिक ड्रेसिंग असतं.

रुग्ण बर्न युनिटला जाणार असेल तर पांढरी सिल्व्हर सल्फाडायझीन लावू नका. ती जखमेवर पिवळट थर बनवते आणि पुढच्या डॉक्टरला खोली कळत नाही. एकूणच वरवरच्या जखमांत ती भरणं लांबवते. दोन महिन्यांखालच्या बाळांना, दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रीला आणि सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना ती द्यायचीच नाही. पॅराफिन गॉज किंवा सिलिकॉनची जाळी, वर शोषून घेणारा गॉज आणि सैल बँडेज पुरतं. बोटं वेगवेगळी गुंडाळा. धनुर्वाताची लस तपासा. प्रतिजैविक गोळ्या किंवा इंजेक्शन प्रतिबंधासाठी देऊ नका. संसर्ग टळत नाही, फक्त औषधाला न जुमानणारे जंतू निवडले जातात. धूर गेला म्हणून स्टिरॉइडही नको.

कुणाला पुढे पाठवायचं

कुठलीही पूर्ण जाडीची जखम, १० टक्के किंवा जास्त अंतस्त्वचेची जखम, चेहरा, हात, पाय, जननेंद्रिय, सांधे, धुराची बाधा, रसायन, मोठ्या दाबाची वीज, आकाशातली वीज, आणि लहान मुलं. मधुमेही, गरोदर आणि वृद्धांच्या बाबतीत उंबरठा आणखी खाली. फोन करताना वेळ, वजन, टक्के, आतापर्यंत गेलेलं द्रव, तासाची लघवी आणि श्वासमार्गाबद्दलचा निर्णय एवढं सांगा. २० टक्क्यांच्या वर असेल तर पोट फुगून उलटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून निघण्याआधी नाकातून नळी घाला.

मुलाच्या जखमेची कड सरळ रेषेत, मोज्यासारखी, शिंतोड्यांशिवाय असेल, दोन्ही पाय सारखेच भाजलेले असतील, सांगितलेली हकीकत जुळत नसेल किंवा आणायला विनाकारण उशीर झाला असेल, तर ते कुणी धरून बुडवलेलं असण्याची शक्यता नोंदवा आणि मुलाला त्या घरी परत पाठवण्याआधी बालसंरक्षणाची प्रक्रिया सुरू करा.

घरी पाठवताना

छोट्या जखमेलाही ४८ तासांनी परत बोलवा. खोलीचा खरा अंदाज तेव्हाच येतो. हात उंच ठेवायला आणि बोटं हलवत राहायला सांगा. दोन आठवड्यांत भरत नसेल तर शल्यचिकित्सकाकडे पाठवा, कारण तीन आठवड्यांच्या पुढे गेलेली जखम जाड, ओढलेला व्रण सोडते.

मुलांच्या पालकांना एक गोष्ट लिहूनच द्या. भाजल्यानंतर दोन-चार दिवसांत ३९ अंशांवर ताप, अंगावर पुरळ, जुलाब-उलट्या, मूल मलूल, तर जखम कितीही छोटी आणि स्वच्छ दिसत असली तरी त्याच दिवशी परत या. हा स्टॅफिलोकॉकसच्या विषाचा शॉक असू शकतो, आणि ५ टक्क्यांच्या पोळल्यातही होतो. असं मूल आलं की ड्रेसिंग काढून जखम धुवा, शिरेतून द्रव द्या, स्टॅफिलोकॉकसवरचं प्रतिजैविक आणि त्याबरोबर विषनिर्मिती थांबवणारं क्लिंडामायसिन सुरू करा, आणि बर्न युनिटला फोन लावा.